अडनिडं घर सरळ करायचंय, बोलवायचं कुणाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आर्किटेक्ट आहे आणि पुण्यात मुख्यतः राहत्या घरांच्या आतल्या बदलांची कामं करते. फोनवर सुरुवात बहुतेक वेळा सारखीच होते: "ताई, काही मोठं नाही, फक्त एक भिंत पाडायची आहे." पुढचे प्रश्न अशाच फोनांतून आणि निरोपांतून जमलेत. भाषा बरीचशी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. परवानग्यांविषयी जे लिहिलंय ते महाराष्ट्रापुरतं आहे.

१. घर अडचणीचं आहे एवढं कळतं, पण नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही. कुणाला बोलवायच्या आधी काय करू?

आठवडाभर घरातल्या चालण्यावर लक्ष ठेवा. वळसा कुठे पडतो, कुठलं दार कायम अर्धंच उघडतं, ओला टॉवेल शेवटी कुठल्या खुर्चीवर जातो, पाहुणे आले की घरातल्या कुणाला आतल्या खोलीत अडकून पडावं लागतं. वहीत लिहून ठेवा. मात्र "स्टोरेज कमी आहे" असं लिहू नका; "मिक्सर काढायला पिठाचे दोन डबे खाली ठेवावे लागतात" असं लिहा. पहिलं वाक्य वाचून कुणीही तुम्हाला आणखी एक कपाट विकेल.

कोथरूडच्या एका वन बीएचकेमध्ये काकूंची तक्रार होती की किचन लहान पडतं. किचन साडेसात बाय साडेआठ फूट, म्हणजे तसं वाईट नव्हतं. सकाळी अर्धा तास तिथे उभी राहिले तेव्हा उलगडा झाला. किचनचं दार आत उघडायचं आणि नेमकी फ्रिजची जागा खायचं, म्हणून फ्रिज हॉलमध्ये. दूध, कोथिंबीर, मिरच्या, भिजवलेली कणीक, दही. डबे भरेपर्यंत काकू अकरा वेळा हॉलमध्ये जाऊन आल्या. दार काढून टाकलं, चौकट राहू दिली, फ्रिज आत आला. एकही वीट हलली नाही आणि माझी फीसुद्धा बेताचीच झाली.

२. आर्किटेक्ट, इंटिरिअर डिझायनर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, काँट्रॅक्टर. यातलं आपल्याला कोण लागतं?

दुखणं कुठलं आहे त्यावर ठरतं. खोल्यांचा क्रम, दारं, खिडक्या, उजेड, पॅसेज यांची तक्रार असेल तर आर्किटेक्ट, किंवा नियोजनात मुरलेला इंटिरिअर डिझायनर. खोल्या ठीक आहेत पण सामान मावत नाही, दिवे चुकलेत, तर इंटिरिअर डिझायनर पुरेसा. भिंत, बीम, कॉलम, स्लॅब यांतल्या कशालाही हात लागणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर हवाच, बाकी कुणीही असो. काँट्रॅक्टर काम करून देतो; काय करायचं ते त्याने ठरवू नये.

कायद्याचा मुद्दाही माहीत असावा. आर्किटेक्ट्स अॅक्ट १९७२ नुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. नोंदणी क्रमांक 'सीए'ने सुरू होतो, पुढे वर्ष आणि आकडा असतो, आणि नाव कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतं. मात्र मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही बंदी उपाधी वापरण्यावर आहे. नोंदणी नसलेल्याने तसं काम करण्यावर नाही. इंटिरिअर डिझायनरसाठी असा नोंदणीचा कायदाच नाही. तिथे सहा महिन्यांचा कोर्स केलेलाही डिझायनर आणि पंधरा वर्षं घासून तयार झालेलाही डिझायनर. म्हणून पाटी वाचून ठरवू नका, त्यांनी बदललेली घरं पाहा (प्रश्न १० पाहा).

३. आमचा सुतार वीस वर्षांचा ओळखीचा आहे, हुशार आहे. मग मध्ये आणखी एक माणूस कशाला?

काम लाकडाचंच असेल तर खरंच गरज नाही. चांगला सुतार घरच्या माणसासारखा असतो आणि कित्येकदा डिझायनरच्या चुका तोच गुपचूप निस्तरतो. पण ज्याची कमाई प्लायवर, तो भिंतीचा प्रश्न कपाटाने सोडवतो. त्यात लबाडी नसते, त्याच्या हातात तेच हत्यार असतं. पॅसेज अंधारा आहे म्हटलं की तो पॅसेजला पॅनेलिंग आणि वर एलईडी सुचवेल. अंधार बेडरूमच्या दाराची जागा चुकल्यामुळे आहे, हे त्याला दिसलं तरी ते सांगण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही.

४. एक मॉड्युलर किचनवाली कंपनी फुकटात अख्ख्या घराचा थ्रीडी करून देते आहे. घ्यावा का?

घ्या, पाहा, पण त्याला प्लॅन समजू नका. तो थ्रीडी म्हणजे विकायच्या वस्तूंची मांडणी असते. त्या चित्रांत खोली रुंद दिसते, दारं बहुतेक मिटलेली असतात आणि गॅस सिलिंडर, केराचा डबा, वाळत घातलेले कपडे कधीच नसतात.

माझा आग्रह एवढाच की नियोजनाचे पैसे वेगळे द्या आणि आधी द्या. सामान विकण्यात ज्याला रस नाही अशा माणसाकडून पर्यायी प्लॅन काढून घ्या. मग तोच कागद घेऊन कंपनीकडे जा, सुताराकडे जा, दोघांकडून दर मागवा. एकाच कागदावरचे दर असले तरच तुलना होते.

५. ही भिंत पाडता येईल का, हे कसं ओळखायचं?

नक्की उत्तर इमारतीच्या स्ट्रक्चरल नकाशावरून आणि इंजिनिअरने जागेवर येऊन पाहिल्यावरच मिळतं. तोवर घरबसल्या अंदाज असा घ्या. कॉलम-बीमच्या आरसीसी इमारतीत आतल्या भिंती बहुधा साडेचार इंची विटेच्या, म्हणजे गिलाव्यासह साधारण सहा इंच जाड असतात आणि वरचं वजन पेलत नाहीत. नऊ इंची भिंत दिसली तर थांबा. पण जाडी हा पुरावा नव्हे: सहा इंची भिंतीच्या पोटात कॉलम लपलेला असू शकतो.

दुसरी खूण ड्रिलच्या भुशाची. फोटो टांगायला भोक पाडताना खाली कागद धरा. लाल भुसा पडला तर वीट. पांढरट, मऊ, झरझर पडणारी पूड म्हणजे हलका सिपोरेक्स ब्लॉक. करडी पूड, ड्रिल किंचाळतंय आणि पुढे सरकत नाही, तर काँक्रीट. काँक्रीट लागलं की प्रश्न ६ वाचा आणि घणवाल्याला चहा पाजून परत पाठवा.

बरेच जण विचारतात की भिंत पाडल्यावर जागा किती वाढेल. दहा फूट लांब, अर्धा फूट जाड भिंतीतून पाच चौरस फूट मोकळे होतात. रेराच्या (घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या) व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंती कार्पेट क्षेत्रातच धरलेल्या असल्याने कागदावर काहीच वाढत नाही. तेव्हा भिंत पाडायची ती हालचालीसाठी आणि उजेडासाठी. पाच फुटांसाठी राडारोडा, धूळ आणि शेजाऱ्यांची तोंडं सहन करू नका.

६. आमची बिल्डिंग मायवानची आहे. बिल्डर म्हणतो एकही भिंत हलवता येणार नाही. खरं आहे का?

जवळजवळ खरं. मायवान पद्धतीत अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटमध्ये ओततात. आतली बारीक दिसणारी भिंतही बऱ्याचदा भार वाहत असते आणि तिच्यात सळया असतात. दार रुंद करणं, वायरिंगसाठी खोल खाच मारणं, एसीच्या पाइपला भोक पाडणं, सगळ्याला आधी इंजिनिअरचा होकार लागतो. काही भिंती ब्लॉकच्या असू शकतात, पण त्या कुठल्या ते नकाशाच सांगेल.

म्हणून हताश होऊ नका, माणूस मात्र वेगळा निवडा. इथे पाडकामात तरबेज माणूस नको. दारांचा विचार करणारा हवा. दाराची उघडण्याची बाजू बदलणं, सरकतं दार बसवणं, दारच काढणं, खोल्यांचे उपयोग अदलाबदल करणं. बाणेरच्या एका टू बीएचकेमध्ये आम्ही मोठी बेडरूम मुलांना दिली आणि आई-वडील लहान खोलीत गेले. हॉलमधलं अभ्यासाचं टेबल, सायकल आणि भांडण तिन्ही एकदम आत गेलं.

७. आमचं घर जुनं आहे, वाडा / चाळ / कोकणातलं जांभ्याचं घर. तिथेही हेच नियम?

नाही, इथे उलटं धरून चाला. भारवाही बांधकामात प्रत्येक भिंत कुणाला तरी उचलून धरते असं समजायचं. जांभ्याच्या घरात तुळ्या, वासे आणि आढं यांचा भार भिंतीवरच उतरतो. माजघर आणि पडवीमधली भिंत काढून 'ओपन लिव्हिंग' करू पाहणाऱ्यांना मी आधी माळ्यावर चढून तुळई कुठे टेकली आहे ते पाहायला लावते. वाड्यात लाकडी खांब-तुळ्यांचा सांगाडा असतो, मधली भिंत कधी नुसती भर असते आणि कधी वाकलेल्या तुळईला तिनेच आधार दिलेला असतो.

अशा घराला नवीन टॉवरची कामं करणारा माणूस नको. चुना, लाकूड, माती ओळखणारा इंजिनिअर आणि जुन्या बांधकामात हात बसलेला गवंडी शोधा. कोकणातल्या घरांची खरी अडचण बहुतेकदा न्हाणीघर आणि संडास मागे अंगणात असतात ही असते. म्हाताऱ्या माणसांसाठी ते आत आणायचे तर जुनी भिंत फोडण्यापेक्षा मागच्या पडवीला जोडून नवं बांधणं बहुधा सोपं, स्वस्त आणि कमी ओलीचं.

मुंबईत उपकरप्राप्त इमारत (३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची, जिच्यावर दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो) असेल तर घरमालक आणि म्हाडाचं दुरुस्ती मंडळ यांना वगळून काही करू नका.

८. घर माझं, भिंत माझी. परवानगी कुणाची आणि कशाला?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये, केवळ इमारतीच्या आतल्या भागावर परिणाम करणारी किंवा बाह्यरूपात फारसा फरक न पाडणारी दुरुस्ती-बदलाची कामं विकास परवानगीतून वगळली आहेत. याचा अर्थ कॉलमला हात लावायची मोकळीक असा कुणी काढू नये. रचनेत बदल, बाल्कनी बंदिस्त करणं, खिडकी बाहेर काढणं, दोन फ्लॅट जोडणं हे महापालिकेचे विषय आहेत. त्यासाठी परवानाधारक माणूस लागतो आणि नियम शहरागणिक वेगळे. मुंबईला स्वतंत्र नियमावली आहे, बाकी बऱ्याचशा महाराष्ट्राला २०२० ची एकत्रित नियमावली.

दुसरी गोष्ट सोसायटी. आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमध्ये वाढीव काम किंवा बदल करायला समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. अर्जासोबत प्लॅन आणि भिंतीचा विषय असेल तर इंजिनिअरचं पत्र जोडा. सेक्रेटरी "करा हो, कोण विचारतंय" म्हणाले तरी कागद घ्या, सेक्रेटरी बदलतात. इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवालही मागा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं.

जो व्यावसायिक पहिल्याच भेटीत "परवानगीचं मी बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका" म्हणतो, त्याला विचारा: अर्जावर सही कुणाची? सही तुमचीच असते.

९. बाथरूम किंवा किचनची जागा बदलता येते का?

किचन एक वेळ जमतं, टॉयलेट फार क्वचित. टॉयलेटखाली स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो, त्यात पाइप आणि नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी निचरणारी वाटी) बसतात. टॉयलेट दुसऱ्या खोलीत नेलं तर तिथे हा खड्डा नसतो, म्हणून जमीन उचलावी लागते. चार इंची पाइपला चाळीसात एक असा उतार धरला तर दहा फुटांत तीन इंच नुसत्या उतारातच जातात; वर पाइपची जाडी, कोबा, फरशी. मग घरात सहा-सात इंचांची पायरी येते आणि आजी त्याच पायरीला रात्री ठेचकाळतात. शिवाय खाली शेजाऱ्यांचा देव्हारा किंवा स्वयंपाकघर असेल तर पहिल्या थेंबाला तुमची सोसायटीच्या सभेत हजेरी.

टॉयलेट आहे तिथेच ठेवून त्याचं दार हलवता येतं का, हे आधी विचारा. जेवणाच्या टेबलासमोर उघडणाऱ्या टॉयलेटची निम्मी दुखणी दारानेच बरी होतात. फरशी उखडली तर वॉटरप्रूफिंगनंतर किमान ४८ तास पाणी साठवून खालच्या घरात ओल येते का ते पाहा, मगच टाइल.

किचन हलवताना पाणी-निचऱ्याबरोबर गॅसही येतो. पाइप गॅस असेल तर जोडणी गॅस कंपनीच्याच अधिकृत माणसांकडून हलवून घ्या. प्लंबरने "लगे हात" करून दिलेली चालणार नाही.

१०. पहिल्या भेटीत काय विचारायचं? आम्हाला यातलं काही कळत नाही.

कळायची गरज नाही, बघायची आहे. ते टेप काढतात का? जागेची मापं न घेता, बिल्डरच्या ब्रोशरवरून बोलणाऱ्यावर विसंबू नका. हे मी अनुभवाने सांगते. सुरुवातीच्या काळात एका घरासाठी मी ब्रोशरचीच मापं धरली. प्रत्यक्षात खोली चार इंच अरुंद निघाली आणि पलंग ठेवल्यावर कपाटाचं दार अर्ध्यावर अडकायला लागलं. सरकती दारं करून दिली, पैसे माझ्या खिशातून. तेव्हापासून गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत स्वतः मोजते.

त्यांनी 'बदललेलं' एखादं घर दाखवायला सांगा. नव्याने सजवलेलं नको. आधीचा आणि नंतरचा प्लॅन शेजारी ठेवून विचारा की इथे काय का केलं. ज्याने खरंच विचार केलाय तो कपड्यांच्या दोरीबद्दल बोलेल, फॉल्स सीलिंगबद्दल नाही. जमल्यास त्या घरच्या बाईंशी पाच मिनिटं एकटीने बोला.

आणि एक: ते तुम्हाला विचारतात काय? सकाळी पहिलं कोण उठतं, पूजा कुठे, घरी कामाला येणाऱ्या मावशी कुठल्या वेळी कुठून आत येतात, मुलगी पुढच्या वर्षी दहावीला आहे का. यातलं काहीच न विचारता बजेट विचारणारा माणूस बजेटच संपवेल.

११. फी कशी ठरते?

ठोक रक्कम, चौरस फुटामागे दर, किंवा एकूण खर्चाच्या टक्क्यांत. नुसत्या नियोजनासाठी ठोक रक्कम मला सरळ वाटते, कारण टक्केवारीत खर्च वाढला की फीही वाढते. सल्लागार जीएसटी नोंदणीकृत असेल तर फीवर १८ टक्के वेगळे, हे आधीच विचारून घ्या. "फी नाही, फक्त कामाचे पैसे" असं कुणी म्हटलं तर फी प्लाय, हार्डवेअर आणि टाइलच्या दरात मिसळलेली आहे असं समजा.

१२. करारात काय लिहून घ्यावं?

किती पर्यायी प्लॅन देणार, त्यात किती वेळा बदल, मोजमापांचे अंतिम नकाशे (पाडायच्या-बांधायच्या भिंती, वीज, प्लंबिंग, फर्निचर) मिळणार का, जागेवर किती भेटी, इंजिनिअरची फी कोण देणार. पैसे टप्प्याटप्प्याने. नकाशांची प्रत तुमच्याकडे हवीच. मध्येच फाटलं तर दुसऱ्या माणसाला काम पुढे नेता येतं.

नकाशा हातात आला की एकच तपासा: पलंग, टेबल, फ्रिज मापात काढलेत का आणि प्रत्येक दाराची उघडण्याची कमान दाखवली आहे का. पाच बाय साडेसहाचा 'डबल बेड' काढून खोली मोठी दाखवायची युक्ती जुनी आहे. तुमचा सहा बाय साडेसहाचा असतो.

१३. वास्तुतज्ज्ञ आणि आर्किटेक्ट यांचं जमत नाही. कुणाचं ऐकू?

श्रद्धा तुमची, त्यावर मी बोलणार नाही. क्रम मात्र सांगते. वास्तूचे तुमचे न सोडता येणारे मुद्दे (गॅस कुठल्या दिशेला, देव कुठे, डोकं कुठे) पहिल्या दिवशी आर्किटेक्टला लेखी द्या. ते पाळून प्लॅन होतो. भांडण होतं ते फरशी बसल्यावर तज्ज्ञ बोलावले की. आणि भिंत, कॉलम, टॉयलेट हलवायचा सल्ला कुणीही दिला तरी प्रश्न ५ आणि ९ लागू.

१४. शेजारचा फ्लॅट घेतला. मधली भिंत पाडून एक घर करायचंय.

इथे आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि वकील तिघेही लागतात. भिंत पाडणं त्यातला सोपा भाग; महापालिकेची मंजुरी, सोसायटीची संमती, दोन्हींवरचं कर्ज असेल तर बँक, घरपट्टी हे सगळं सोबत येतं. पुढे कधी एक फ्लॅट विकायची शक्यता असेल तर पूर्ण भिंतीऐवजी दारापुरतंच भगदाड मागा आणि दुसरं किचन तोडू नका. दोन मुख्य दारं, दोन हॉल, दोन पॅसेज नुसते जोडून एक घर होत नाही. खरा नियोजनकार इथेच कळतो.

१५. ताबा अजून मिळायचाय. आत्ताच बिल्डरकडून बदल करून घ्यावेत का?

विटा रचायच्या आत भिंत न बांधायला सांगणं सगळ्यात स्वस्त, म्हणून विचारा जरूर. मान्य झालं तर सुधारित नकाशासह लेखी घ्या. ताब्यानंतर मात्र सबुरीने: रेरा कायद्यात ताब्यापासून ५ वर्षं रचनात्मक दोषांची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर, आहे, आणि तुम्ही फोडाफोडी केलीत की पुढच्या प्रत्येक तड्याला बिल्डरचं बोट तुमच्याकडेच. काम सुरू करण्याआधीच्या स्थितीचा अहवाल इंजिनिअरकडून घेऊन ठेवा.

१६. आम्ही परदेशात, घर नाशिकला, आई-बाबा तिथे राहतात. लांबून जमेल?

जमतं, पण भावाच्या मित्राच्या भरवशावर नको. मोजमाप, प्लॅन आणि देखरेख यांची फी वेगवेगळी ठरवा, आठवड्याला ठरलेल्या वारी व्हिडिओ कॉल जागेवरूनच. आणि प्लॅनवर शेवटचा शब्द आई-बाबांचा असू द्या. "बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन छान दिसेल" हे तिकडून ठरतं, आणि इथे आईला बादली-मग्ग्यासाठी पाट ठेवायला जागा उरत नाही.

१७. आमच्याकडे काहीच नाही, पण वरच्या मजल्यावर दोन दिवस घण चालू आहे. काय करू?

वर जाऊन आधी चांगल्या शब्दांत विचारा, बहुतेक वेळा जुनी फरशी निघत असते. भिंत फोडत असतील तर समितीला लेखी कळवा आणि इंजिनिअरच्या पत्राची प्रत मागा. सळया उघड्या दिसल्या किंवा कॉलम-बीमला घण लागलेला दिसला तर समितीकडून काम त्याच दिवशी थांबवून घ्या. ऐकलं नाही तर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात तक्रार द्या. आणि आज, आत्ताच, तुमच्या छताचे आणि बीमचे फोटो तारखेसह काढून ठेवा. तडा जुना होता की नवा, यावर सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालतात.